विंचवाच्या शेपटाजवळचा काळा ढग

मी एक जुना ढग आहे. मित्रांनो, लगेच छत्री शोधू नका. माझ्याकडे पाऊस नाही. आकाशगंगेत, ताऱ्यांच्या विंचवाच्या शेपटाजवळ, मी वायू आणि धूळ घेऊन पडून आहे. मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवतो, म्हणून खालून काळा दिसतो. लोक मला आकाशाचं भोक म्हणत आले. वाईट वाटायचंच.

मी फार थंड होतो, फार पसरलेला. मग पोटात कुठे कुठे वायू जरासा दाटला. जिथे दाट, तिथे ओढ जास्त. ओढ जास्त, म्हणून आणखी दाट. असा एकच गोळा नाही, अनेक गोळे आतल्या आत आवळत, तापत गेले. तारे बहुधा असेच जन्मतात, एका पोटची भावंडं, घोळक्याने.

१९३४च्या उन्हाळ्यात पेणजवळच्या मिठागरावर जनी पहाटेच कामाला येई. तिची लेक केसर नुकतीच तापाने गेली होती. गेलेलं माणूस तारा होतं, असं सासू येसूबाईने तिला सांगितलं होतं. जनी रोज वर शोधायची आणि तिची नजर नेमकी माझ्यावर येऊन थांबायची.

"आत्याबाई, तिथं तर काहीच न्हाय," एके पहाटे ती सासूला म्हणाली. "माझ्या केसरला जागाच गावली न्हाय."

मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण ढगाला कुठला आवाज!

येसूबाईने तिचा हात धरला आणि वाफ्यातल्या काळ्या, खाऱ्या पाण्यात घातला. पाण्यावरून काहीच दिसत नव्हतं.

"तळाला काय लागतंय?"

जनीच्या बोटांना बारीक खडे लागले, एकमेकांना धरून बसलेले. "मीठ धरतंय," ती म्हणाली.

"दिसत नव्हतं, तरी धरतच व्हतं ना? तिथं पन तसंच आसंल."

जनी बांधावर बसून रडली, केसर गेल्यापासून पहिल्यांदाच. पुढे माझ्याकडे बोट दाखवून ती सांगायची, "ती केसरची जागा."

केसर माझ्याकडे आली का, ते मला ठाऊक नाही. खोटं कशाला बोलू? पण माझे पहिले गोळे पेटले, एवढं खरं. त्यांचा उजेड निघाला आहे, अजून वाटेत आहे. जनी तर केव्हाच गेली. मित्रांनो, तो उजेड पोचेल तेव्हा तुमच्या दिव्यांच्या झगमगाटात हरवू देऊ नका. एक आई रोज ज्या काळोखाकडे बघायची, तो जरा जपून ठेवा.