अंगणातला उंचवटा

मायची रक्षा पांढऱ्या फडक्याखाली, मडक्यात, आतल्या खोलीच्या कोनाड्यात ठेवून मी यवतमाळला गेले होते. कॉलेजात परीक्षेची ड्युटी होती. रविवारी येते, मग अंगणात बाबांच्या शेजारी ठेवू, असं रवीला, माझ्या धाकट्या भावाला, सांगून गेले होते.

आमच्याकडं रक्षा नदीत सोडत नाहीत. मातीत ठेवतात, वर झाड लावतात. बाबांवर लावलेला कडुनिंब दुसऱ्याच उन्हाळ्यात वाळला. मायनं दुसरं झाड लावलं नाही. खड्ड्यावरचा तो उंचवटा ती शेणानं सारवत राहिली, शेवटच्या आजारपणापर्यंत.

रविवारी नेरच्या स्टँडवरून ऑटोनं घरी आले. फाटक उघडलं. उंचवटा नव्हता.

अंगणाच्या मधोमध खुंटी ठोकून दोरीनं मोठं वर्तुळ आखलं होतं. आतली माती खरवडून, खडे वेचून सपाट केलेली. रवी आणि त्याचा दोस्त बाबूसिंग पाण्यानं भरलेल्या नळीची दोन टोकं धरून पातळी बघत होते. भिंतीशी एक खोकं होतं. त्यावर पोहायच्या निळ्या टाकीचं चित्र.

"वर घे बे, अजून वर," रवी म्हणाला.

"घेतलंच हाय. तुयाच हात हालून राह्यला, लग्नात हार धरला व्हता तसा."

दोघं हसले. मी पिशवी हातातच धरून उभी होते.

"रवी, बाबा कुठी हायेत?"

आधी त्याला कळलंच नाही. मग त्यानं पायाखाली पाहिलं.

"झाडच नोहोतं ना वं ताई आता. लई वर्सं झाले. माय उगाच सवयीनं सारवते, असं वाटे मले."

"बाबांचा खड्डा तूच खणलता. माती कुठी टाकली?"

बाबूसिंगनं नळीचं तोंड अंगठ्यानं दाबलं आणि हनुवटीनं वर्तुळाची खोलगट बाजू दाखवली. "तिकडं, बाई. बाहेर नाई फेकली."

दीपा, रवीची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन आली. "आधी पाणी घ्या ताई. पोट्टे उन्हानं कावून गेले, म्हणून माह्या भावानं पाठवली टाकी."

"जागा सपाट लागते," रवी म्हणाला. "नाई तं पाणी एका बाजूनं जोर करते अन् टाकी फाटते. व्हिडिओत सांगतलं, उंच बाजू कापा, खोलगट भरू नका. भरलेली माती दबते."

"मंग भरली काहून?"

"एवढी माती कुठी नेऊ?"

माझा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला सोपं गेलं असतं. माझं ओरडणं तो ऐकून घेतो आणि विसरतो.

मी आत जाऊन मडकं आणलं. फडकं सोडलं. खोलगट बाजूच्या भरावावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रक्षा पसरली, आणि फावड्यानं काळ्या मातीत कालवली.

"ताई! काय करून राह्यली तू?"

"बाबांच्या शेजारी ठेवाचं ठरलं व्हतं. बाबा आता इथून तिथवर हायेत. मी मायले दुसरीकडं कुठी ठेवू?"

बाबूसिंग चपला काढून वर्तुळाच्या बाहेर गेला. नळी हातातून सुटली, तिच्यातलं पाणी मातीत जिरत होतं. कोपऱ्यात जमीन ठोकायचं लोखंडी धुम्मस होतं. मी ते ओढत आणलं आणि रवीच्या हातात दिलं.

"भरलेली माती दबते ना? मंग ठोकून घे चांगली. पोट्ट्यांची टाकी कलंडाले नको."

"ताई..."

"ठोक."

दीपानं तोंडाला पदर लावला. रवीनं धुम्मस खाली ठेवलं, गुडघे टेकले आणि ओंजळीनं माती उचलू लागला. उंचवटा होता तिथं नेऊन टाकली, परत आला, पुन्हा उचलली. मग थांबला. सगळी माती एकसारखी काळी, मधे मधे राखाडी.

"याच्यातली कोणती उचलू?" तो रडत होता.

"सगळी."

ऊन चढत होतं. मी त्याला मदत केली नाही.