देवाने दिलेला पेला

मित्रांनो, मी एक जुना चांदीचा पेला आहे. उंचीने बोटभर, पण मान मोठा. रत्नागिरीच्या एका सोनाराने मला ठोकून ठोकून घडवलं आणि सरूबाईंच्या लग्नात मी त्यांच्यासोबत सासरी आलो. तेव्हापासून माझं काम एकच, बाळकृष्णाला दुधाचा नैवेद्य. पुढे सरूबाई मुला-सुनेबरोबर मीरा रोडला सिल्व्हर पार्कात राहायला आल्या, तरी माझी जागा देव्हाऱ्यातच राहिली.

साल एक्याण्णव, म्हणजे चार-पाच वर्षं झाली त्याला. सून उर्मिलाची वाढवून घेतलेली बिनपगारी रजा संपत आली होती आणि तिची दिव्या, दोन वर्षांची होत आली तरी, आईच्या अंगावरच पीत होती. बाटली भिरकावायची, स्टीलचा ग्लास उपडा करायची. पोर दिवसभर उपाशी राहिली, तर उर्मिलाला नोकरी सोडणं भाग होतं.

शेजारच्या हंसाबेन म्हणाल्या, "कडवा नीम लगाओ ना. दो दिन में भूल जायेगी."

उर्मिलाने कडुलिंबाचा पाला वाटून लावला. दिव्याने चव घेतली, आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि मांडीवरून उतरली. संध्याकाळपर्यंत ती आईजवळ फिरकली नाही.

"मला दूध सोडवायचं होतं, आई," उर्मिला सासूला म्हणाली. "ही मलाच सोडून बसलीय." तिने तो लेप धुऊन टाकला आणि लेकीला जवळ घेतलं.

आता हळूहळूच सोडवायचं ठरलं. आधी फक्त दुपारचं पिणं बंद. पण त्या जागी द्यायचं कशात? दिव्यानेच उत्तर दिलं. देव्हाऱ्यापुढे उभी राहून तिने माझ्याकडे बोट केलं. "बाप्पा दूद."

"देवाच्या भांड्याला उष्टं तोंड? ते जमायचं नाही हां," सरूबाईंनी तिथल्या तिथे सांगितलं. दिव्या रडून रडून झोपली. मी मात्र जागचा हललो नाही. मान सांभाळायचा होता ना.

त्या संध्याकाळी सरूबाई भाईंदर पश्चिमेला कीर्तनाला गेल्या. उत्तररंगात बुवांनी गोकुळाचा काला लावला होता. सवंगड्यांच्या शिदोरीतला घास देव स्वतः मागून खातो, अर्धा खाल्लेलाही. झांजा वाजत होत्या, पण सरूबाईंचा हात टाळीतच थबकला, असं त्यांनीच घरी येऊन सांगितलं. पाय धुऊन त्या देव्हाऱ्यापुढे बसल्या. मला उचललं आणि माझ्या जागी स्टीलची वाटी ठेवली.

"देवा, तू आता मोठा झालास," त्या म्हणाल्या. "थोडे दिवस चुकल्यासारखं होईल. मग होईल सवय."

उर्मिला पदराआड हसली.

दुसऱ्या दुपारी दिव्याने मला दोन्ही हातांत धरलं. अर्धं दूध फ्रॉकवर सांडलं, अर्धं पोटात गेलं. मित्रांनो, तिच्या ओठांवरच्या दुधाच्या मिश्या पाहून बाळकृष्णालाही हसू आलं असेल. दुपार सुटली, तसं उर्मिलाने संध्याकाळचं कमी केलं. रात्रीचं सगळ्यात शेवटी राहिलं, कारण तिथे लेकीपेक्षा आईचाच जीव अडकला होता. थोपटत अभंग म्हणता म्हणता तेही सुटलं. मध्ये दिव्याला ताप आला तेव्हा उर्मिलाने तिला दोन दिवस पुन्हा जवळ घेतलं. कोणी नाक मुरडलं नाही.

रुजू व्हायच्या दिवशी उर्मिला जिन्यात थांबून रडण्याची वाट पाहत राहिली. आतून आवाज आला, "आजी, दूद दे." मग ती खाली उतरली.

आता दिव्या शाळेत जाते. मी कपाटात काळा पडतो आणि दिवाळीला सरूबाई मला रांगोळीने घासतात. माझ्या काठावर तिच्या दातांची खूण आहे. यंदा तिने विचारलं, "आजी, मी देवाचा पेला पळवला होता?"

"पळवतेस कसली? त्यानेच दिला."

मित्रांनो, कपाटातल्या जुन्या भांड्यांना अधूनमधून हात लावत जा. आणि लहानग्याच्या हातून काही सोडवायचं असेल, तर ओढू नका. आधी दुसऱ्या हातात काहीतरी द्या, देवाचं असलं तरी.