एकाच बाजूचे दोघं

माझं तोंड वाईट हाय. कर्जतात कुणालाही विचारा, ठेसनासमोरचा सोडावाला अबूबकर कसा? लोक कोपरापासून हात जोडतील. गिऱ्हाइकानं बाटलीतली गोटी नीट दाबली नाय, तरी मी त्याच्या आज्यापर्यंत पोचतो. माझी बायको हवाबी होती तवर बाही धरून मला आत ओढायची. ती गेली आणि ह्या तोंडाला लगाम घालणारं कुणी उरलं नाय.

सहदेव मात्र माझ्या तोंडाला कधी भ्याला नाय. ठेसनात सांधेवाला होता तो, गाड्यांचे रूळ बदलायचा. आमची दोस्ती क्रिकेटची. मुंबईत चौरंगी सामने व्हायचे तेव्हा, हिंदूंचा संघ, मुसलमानांचा, पारशांचा आणि गोऱ्यांचा. तो हिंदूंकडून, मी मुसलमानांकडून. मुंबईचा तारवाला, तार मोकळी असली की, आमच्या तारबाबूला, पोपटरावाला, किती गडी पडले ते कळवायचा. पोपटराव सहदेवाला सांगायचा आणि सहदेव रुळांपलीकडून हातातला झेंडा हलवून मला दाखवायचा. एकदा हलवला म्हणजे माझा एक गडी बाद. स्वतःचे गडी पडले की मात्र लेकाचा हात दुखायचा! मी हिकडून ओरडायचो, "काय रं, झेंड्याला वाळवी लागली काय?" तो पाठ फिरवून उभा राहायचा. संध्याकाळी त्याची जिजा तांदळाच्या भाकऱ्या पाठवायची. त्या आमी दुकानाच्या फळीवर बसून खायचो आणि खाताखाता पुन्हा भांडायचो. खरं सांगतो, हवाबीच्या माघारी मला तेवढंच घर होतं.

चार वर्षांमागं एके दिवशी आमचे गडी भराभरा पडले. सहदेवानं दहाच्या दहा वेळा झेंडा हलवला, शेवटच्या वेळी तर नाचून. दुकानातली माणसं पोट धरून हसली. "अबूचाचा, आता सोडा फुकट पाजा!" माझं टाळकं सटकलं. नेमका तेव्हाच रेल्वेचा एक साहेब सोडा प्यायला आला आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "साहेब, तुमचा सांधेवाला गाडीच्या झेंड्यानं क्रिकेट दाखवतो."

लगेच जीभ चावली. पण चावून काय उपयोग? साहेबानं चौकशी लावली. चहाडी कुणाची, ते कुणाला सांगितलं नाय. आठ दिवसांत सहदेवाची बदली झाली, वर घाटात, ठाकुरवाडीला. तिथं काय हाय? रूळ, दरी आणि रानातल्या ठाकर लोकांची दहा-बारा घरं. तो आणि जिजा सामान डोक्यावर घेऊन माझ्या दुकानावरून गेले तेव्हा मी फळ्या लावून आत बसलो होतो. जिजानं दोन हाका मारल्या. मी ओ दिली नाय.

गेल्या साली श्रावणात जिजा तापानं गेली. कर्जतात असती तर हाकेवर डाक्टर होता. तिच्या दिवसाला ठेसनातली सगळी माणसं वर गेली. मी नाय गेलो. कुठल्या तोंडानं जायचं? शब-ए-बरातीच्या सणाला आमच्यात एकमेकांची माफी मागायची रीत हाय. मी दरसाल अख्ख्या मोहल्ल्याची मागितली आणि ज्याची मागायची होती तो वर घाटात.

आता ह्या डिसेंबरात इंग्लंडचा संघ मुंबईला आला. आणि समोर कोण? हिंदू नाय, मुसलमान नाय, पारशी नाय. सगळ्यांचा मिळून एक हिंदुस्थान! आपल्या भूमीवरची पहिलीच कसोटी. रविवारी संध्याकाळी पोपटराव अनवाणीच धावत आला. "अबू, पंजाबच्या पोरानं शंभर केले! आपल्या संघाचे पहिले शंभर! बावीस वर्षांचं पोर रं! बाया अंगावरचे दागिने काढून देतायत म्हणं!" मी आनंदानं ओरडलो आणि सवयीनं रुळांपलीकडं बघितलं. नवा सांधेवाला तिथं बसून कान कोरत होता. मला रडूच आलं. जन्मात पहिल्यांदा आमी दोघं एका बाजूला आलो होतो, आणि तो नव्हता.

सोमवारी सकाळी पेपर घेतला आणि पॅसिंजरनं वर निघालो. ठरवलं होतं, आज सगळं सांगून टाकायचं.

ठाकुरवाडीला उतरणारा मी एकटाच. सहदेव खोलीच्या दारात उभा होता. वाळला होता, दाढी पांढरी झाली होती.

"कोण? अबू?" तो म्हणाला. "वाट चुकलास काय रं?" आणि त्यानं मला मिठीच मारली.

चुलीवर चहा ठेवून त्यानं माझ्याकडून पेपर तीनदा वाचून घेतला. "पोरगा अजून नाबाद हाय? आज पुन्हा खेळणार? आणि हा गडी कुणाचा म्हणायचा? तुझा का माझा?"

"आपला," मी म्हणालो.

तो एवढा मोठ्यानं हसला, की मोळी घेऊन चाललेली ठाकरीण थांबून बघायला लागली. मग त्यानं माझ्या हातातला पेपर घेऊन मांडीवर ठेवला.

"अबू, जिजा गेली तवा तू आला नाहीस. दहा दिवस मी येईल त्या गाडीत तुला बघत होतो. मग मीच मनाला समजावलं. मुंबईत दंगे झालेले, हिंदू-मुसलमान एकमेकांच्या जिवावर उठलेले, बिचाऱ्याला कुणी अडवलं असंल. तुझ्यावर राग नाय धरला मी."

आयती वाट मिळाली होती मला. "व्हय रं, दंग्यामुळंच," एवढं म्हटलं असतं तर दोस्त परत मिळत होता. दर रविवारी वर आलो असतो, चहा प्यालो असतो, हिंदुस्थानच्या गड्यांवरून भांडलो असतो. पण त्यानं जिजाचं नाव घेतलं होतं.

"दंग्यामुळं नाय, सहदेवा. साहेबाला झेंड्याचं मी सांगितलं. रागाच्या भरात. मीच. जिजाला हितं मी पाठवली. मला माफ कर."

चहा उतू गेला. त्यानं भांडं उतरवलं नाय. पेपराची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"दंगा असता तर बरं झालं असतं रं, अबू," तो म्हणाला. "दंगा परक्यांनी केला असता. जा आता. खाली जाणारी गाडी साडेअकराला हाय."