विमलची कापरी रेघ

श्रावणातला उजेड कारखान्याच्या निळ्या ताडपत्रीतून गाळून यायचा आणि वहीवर वाकलेल्या विमलच्या मानेवर पडायचा. मूर्तींना आम्ही खपून रंग द्यायचो. तिला तो फुकट मिळायचा.

विमल माझी धाकटी बहीण. मी चौथीनंतर बाबांच्या जोहे गावातल्या गणपती कारखान्यात बसले. ती मुंबईला शिकायला गेली आणि ताऱ्यांच्या मागे लागली. तिचे तारे जोडीने राहणारे. एक मेलेला पण जड, दुसरा हलका नि जिवंत. मेलेला जिवंताच्या अंगावरचं ओढून घेतो, ते तापतं, आणि त्यातून क्ष-किरण निघतात, दवाखान्यात हाडं दिसतात तसले. "सारखे नाय येत गो ते, कमी-जास्त व्हतात," ती सांगायची. कोण कोणाचं ओढून घेतं, ते मला विचारायचं होतं.

बाबा गिऱ्हाइकाला आधी तिची वही दाखवायचे, मग मूर्ती. डोळ्यांची आखणी वीस वर्षं माझी. पार रोह्यापर्यंत लोक माझ्या हातचा गणपती नजरेवरून ओळखायचे. बाबा म्हणायचे, "व्हय, हात बरा हाय हिचा." बरा!

एका वर्षी ती चार दिवस खपून एक मोठा कागद शाईने आखत होती. सोमवारी तिच्या सरांना द्यायचा होता. ती अंघोळीला गेली तेव्हा मी तो पाहिला. रेघ दातेरी, वर-खाली, म्हातारीने काढल्यासारखी. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? एवढं शिकून हात कापतो! मूर्तीवरची चूक झाकतो तसा मी त्यावर पांढरा रंग फिरवला, वाळू दिला, आणि बारीक कुंचल्याने एकच रेघ ओढली, भुवईसारखी सफाईदार. बाबांना दाखवली. "झकास!" म्हणाले. पहिल्यांदा.

विमल केस पुसत आली. कागदावर वाकली.

"ताये, माजा हात नव्हता कापत गो. तारा कापत व्हता. तेच तर मोजलं व्हतं."

मला ते ठाऊक नव्हतं. पण ती रेघ झाकताना मला बरं वाटलं होतं, ते ठाऊक होतं. तिलाही दिसलं असावं. तिने कागद गुंडाळला आणि रामवाडीला मामाकडे जाऊन रविवारभर पुन्हा आखला.

अजून ती येते, जेवते, माझ्या आखणीला नावाजते. तिचा कागद मात्र पुन्हा कधी माझ्यासमोर उघडला नाही. बाबा जाऊन कैक पावसाळे झाले, त्यांची आठवण येते. विमल समोर बसलेली असते, तरी आठवण तिचीच जास्त येते.