आधी गोदाम तपासा

आत्यानं पोरीची बाही कोपराच्या वर सारली आणि स्वतःच डोळे गच्च मिटले.

"पेशंट कोण? तुम्ही ना?" रक्त घेणाऱ्यानं आत्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ही."

"ही? हिच्यात काढण्याएवढं रक्त तरी आहे का?"

"तोंड नको चालवू. सुई चालव."

अकरा वर्षांची पोर खुदकन हसली. तेवढ्यात सुई जाऊन आलीसुद्धा. 'स्स' केलं ते आत्यानंच.

आत्या होतीच तशी आडव्या अंगाची. लहानपणापासून भाऊ तिला गोदाम म्हणायचा आणि ती त्याला काडी. तीन वर्षांपूर्वी त्यांचे वडील बावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, दोन्ही मुलांनी कोलेस्टेरॉल तपासून घ्या. घरात सगळ्यांच्या माना आत्याकडे वळल्या. भाऊ रंगारी. दिवसभर शिडीवर चढ-उतर, चिमटीत धरायला अंगावर मांस नाही.

"आधी गोदाम तपासा," तो म्हणाला. "तिथं काही नसलं तर माझ्यात कुठून येणार?"

गोदाम तपासलं. सगळे आकडे जागच्या जागी. आत्याला कोण आनंद! जन्मभर टोमणे खाल्लेली बाई ती. महिनाभर तो कागद पर्समध्ये घेऊन फिरली, दिसेल त्याला दाखवत. मधेच एकदा भाऊ म्हणाला, "मी पण जाऊन येऊ का गं?" तर हीच म्हणाली, "तू कशाला? सुई आरपार जाईल."

दोघं पोट धरून हसले. तो गेला नाही.

गेल्या वर्षी कुणाच्या तरी जिन्यात रंगाचा डबा खाली ठेवून तो पायरीवर टेकला. छत्तीस वर्षांचा. परत उठलाच नाही.

ते आरपारचं बोलणं वहिनीनं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. नवरा गेल्यापासून ती आत्याशी एक अक्षर बोलली नव्हती. आत्यानं चार वेळा येऊन विनवलं, पोरीचं रक्त तपासू दे म्हणून. चौथ्यांदा वहिनी भिंतीकडे बघत पोरीला म्हणाली, "जा त्यांच्याबरोबर."

रिपोर्ट दाखवायला मात्र ती स्वतः आली. मधल्या खुर्चीत पोर, दोन बाजूंना दोघी.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. चष्मा पुसून परत वाचला.

"वाढलेलं आहे. बरंच."

"पण ही तर एवढीशी..." वहिनीचा आवाज चिरकला. "मी तळलेलं घरात करतच नाही हो."

"खाणं सांभाळायचंच, त्यानं थोडं उतरेल. पण हे जाड-बारीक बघत नाही. काही घरांत रक्तातूनच येतं. एक मूल सुटतं, एकाला मिळतं. लवकर कळलं हे बरं झालं. गोळी चालू करू, वरचेवर तपासू. नीट घेतली ना, तर ही चांगली म्हातारी होईल."

सुटलेलं मूल रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत बसलं होतं.

"म्हणजे माझं रक्त बाबांसारखं?" पोरीनं विचारलं.

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या, "हो, बाबांसारखंच."

पोर खुर्चीत सरळ झाली. "बघ आई! सगळे म्हणतात मी अख्खी तुझ्यावर गेलेय. बाबांचं काहीच नाही म्हणतात माझ्यात."

वहिनीचा हात पोरीच्या पाठीमागून पलीकडे गेला आणि तिनं आत्याचा दंड धरला. इतका घट्ट, की रागानं धरला का आधाराला, ते आत्याला कळेना. नखं रुतत होती. आत्यानं दंड सोडवून घेतला नाही.