गाडीतलं गरम पाणी

मिस्त्रींचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर, आणि नाकही चांगलं लांबलचक, त्यामुळे ते कोपऱ्यावर वळले की समोरच्याला आधी राग दिसायचा आणि मग मिस्त्री. शहरातल्या निम्म्या न्हाणीघरांत त्यांच्या हातचे नळ होते. मी जोडलेला सांधा गळत नाही, हे ते ओळखदेख नसलेल्या माणसालाही ऐकवत. आता यात खोटं काहीच नव्हतं. त्यांचा सांधा खरोखरच गळत नसे. त्यांच्याशी बोलताना घरमालकाला घाम फुटायचा, ती गोष्ट वेगळी.

तर अशा या मिस्त्रींवर म्हातारपणी एका जुन्या गाडीच्या पोटात ढोपरांवर रांगत पाण्याची टाकी बसवायची वेळ आली. गाडी त्यांच्या लेकीची. आधी ती एका लाँड्रीची होती, कपड्यांचे गठ्ठे पोचवायची. आता तिच्यात एक पलंग होता, हातभर ओटा होता, एक सरकती खिडकी होती, आणि लेक आणि तिची मुलगी अशा दोघी तिच्यात राहत होत्या. मुलगी पहिलीत जायची. एका जागी म्हणून बसायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

नवऱ्यापासून वेगळी झाली तेव्हा लेक आधी बापाकडेच आली होती. पण तिथे तिचा महिनाही निघाला नाही. दिवा कधी मालवायचा, चहात साखर किती घालायची, पोरीला कुशीवर निजवायचं की उताणं, सगळ्याची एक बरोबर पद्धत होती आणि ती मिस्त्रींची होती. एक दिवस लेक शांतपणे म्हणाली की बाबा, इथे श्वास घ्यायलाही तुमची परवानगी काढावी लागते. आणि गेली. ज्या दुकानात ती कपडे दुरुस्तीचं काम करायची त्याच्या मागच्या अंगणात तिने गाडी लावली. दुकानाची मालकीण भली बाई, तिने आतून विजेची वायरही ओढून दिली. मिस्त्रींनी अबोला धरला. बरेच दिवस धरला. मग एके दिवशी आपणहून पिशवीत पाने-पकडी भरून तिच्या दारात जाऊन उभे राहिले.

कारण प्रकरण पोरीवर आलं होतं. भिंगरी आपल्याला मिळावी म्हणून जावई कोर्टात गेला होता. गाडीत राहणाऱ्या बाईकडे पोर ठेवायचं का, एवढाच त्याचा सवाल. जावई वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत होती. दारू प्यायचा नाही, हात उचलायचा नाही, घर नीटनेटकं. वाईट असता तर त्याच्याविरुद्ध बोलायला काहीतरी हाताशी आलं असतं. कोर्टाने पाहणीसाठी एक बाई पाठवल्या. त्यांनी पलंग पाहिला, दिवा लावून पाहिला, भिंगरीची पुस्तकं चाळली, आणि मग कोपऱ्यातल्या बादलीकडे बघून विचारलं की या थंडीत मुलीला आंघोळ कशी घालता? लेकीने सांगितलं, दुकानातून पाणी तापवून आणते. बाई म्हणाल्या, बाकी सगळं ठीक आहे, पण गाडीत वाहतं पाणी हवं आणि ते गरम हवं. मी परत येईन. तेव्हाही बादलीच दिसली, तर कोर्टाला मी बादलीच सांगणार.

म्हणजे आता सगळं त्या गरम पाण्यावर येऊन ठेपलं होतं. पाणी आलं तर भिंगरी आईकडे, नाही आलं तर बापाकडे.

मिस्त्री कामाला लागले. पलंगाखाली टाकी, टाकीशेजारी मुठीएवढा पंप, तिथून एक नळी थंड पाण्याच्या नळाला आणि दुसरी हीटरला. हीटर लेकीने नवाकोरा आणला होता, लहानसा, पोटात स्टीलचा हंडा असलेला. सोबत माहितीचा कागद होता. मिस्त्रींनी तो उघडलासुद्धा नाही. असले कागद नवशिक्यांसाठी असतात म्हणाले. लेक दिवा धरून बसली होती, आणि दिवा कसा धरायचा हेही तिला दहा वेळा ऐकावं लागलं. भिंगरी पलंगावर पालथी पडून खाली डोकं लोंबकळत ठेवून विचारत होती की पाण्याला अंधारात भीती नाही का वाटत. तिला मात्र मिस्त्रींनी एकदाही गप्प केलं नाही. पोरीपुढे त्यांचं काही चालत नसे, आणि त्यांना ते आवडायचं.

बाई यायच्या आदल्या दिवशी दुपारी काम पुरं झालं. पंप घुरघुरला, नळाला पाणी आलं, भिंगरी नाचली. मिस्त्रींनी हीटर लावला आणि एकेका सांध्यावरून कोरडं बोट फिरवलं. सगळे खडखडीत. मग पाणी तापू लागलं, आणि हीटरच्या कुशीतल्या पितळी सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडातून एक थेंब पडला. मग दुसरा.

मिस्त्रींचा चेहरा पडला. कुणी भर बाजारात थोबाडीत मारावी तसा. त्यांनी व्हॉल्व्ह आवळून पाहिला. मग काढून, हीटर विकणाऱ्या दुकानदाराच्या नावाने खडे फोडत, नवीन आणून बसवला. पाणी तापलं की तोही टपकायला लागला. पलंगाखालची फळी ओली झाली, गादीचा कोपरा ओला झाला. उद्या बाई येऊन गादीला हात लावणार आणि ओल म्हणून सांगणार, हे दोघांच्याही डोळ्यांपुढे होतं.

तेव्हा लेकीने तो कागद उघडला आणि वाचला. तिने बापाला समजावून सांगितलं की पाणी तापलं की फुगतं. घरांमध्ये ते फुगलेलं पाणी नळीतून उलटं वर चढून गच्चीवरच्या टाकीत जातं, म्हणून तुम्हाला ते कधी दिसलं नाही. इथे पंप पाणी मागे जाऊ देत नाही. मग जास्तीचं पाणी या तोंडातूनच बाहेर पडणार. ही गळती नाही, हे असंच व्हायला हवं. इथे एक बारीक नळी जोडून ती गाडीच्या तळातून बाहेर काढायची, एवढंच लिहिलंय.

तिने हे हळूच सांगितलं, बापाला जपून सांगावं तसं. आणि मिस्त्रींना तेच झोंबलं. उभ्या आयुष्यात त्यांनी शेकड्यांनी हीटर बसवले होते, आणि ज्याचा व्हॉल्व्ह टपकला तो व्हॉल्व्ह खराब, हे त्यांना श्वासाइतकं पक्कं होतं. आता शिवणकाम करणारी पोरगी कागद वाचून त्यांना पाणी शिकवणार? आणि गाडीच्या तळाला भोक पाडून माझ्या कामाचे थेंब रस्त्यावर पाडायचे? येणाऱ्या-जाणाऱ्याने बघायचे? त्यांनी पिशवीतून एक पितळी बूच काढलं, त्याला पांढरी टेप गुंडाळली आणि व्हॉल्व्हच्या तोंडात घट्ट आवळून टाकलं. थेंब बंद. त्यांनी कोरडं बोट फिरवून लेकीच्या नाकासमोर धरलं.

“बाबा, ते बूच काढा,” लेक म्हणाली. “मला भीती वाटते.”

“मग तूच कर सगळं. मला कशाला बोलावलंस?”

खरं तर तिने बोलावलं नव्हतं. पण ते ती बोलली नाही. कोण बरोबर याचे वाद घालायची जी काय ताकद होती ती तिने बहुधा नवऱ्यापाशी संपवली होती, बापासाठी उरलीच नव्हती. शिवाय बाई उद्याच येणार होत्या, आणि गादी कोरडी होती.

बाई आल्या. नळाखाली हात धरला, पाणी गरम लागलं. गादीवरून हात फिरवला. जाताना त्या हसल्या आणि म्हणाल्या की आता माझी काही हरकत नाही, मी तसं कळवते. त्या वळल्या तशी लेक ओट्याला धरून खाली बसली आणि रडली. मिस्त्री दुसरीकडे बघत उभे राहिले. त्यांनाही भरून आलं होतं, पण ते दाखवायची पद्धत त्यांना ठाऊक नव्हती.

मग मिस्त्रींनी रोज सकाळी भिंगरीला शाळेत सोडायचं काम आपल्याकडे घेतलं. ते यायच्या सुमारास लेक हीटर लावून चहा टाकायची. भिंगरी ओट्याशेजारी छोट्या स्टुलावर बसून हात-पाय-तोंड धुवायची आणि आजोबांना पाणी किती छान गरम आहे ते रोज नव्याने सांगायची. एक गोष्ट मात्र मिस्त्रींच्या कानाला खटकायची. नळ उघडला की पहिलं पाणी पिचकारीसारखं फर्रकन उडायचं. दाब वाढला की पाणी कसं बोलतं हे त्या शहरात त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. पण हवा अडकली असेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. माणसाला एकदा आपलं बरोबर ठरवायची सवय लागली की कानसुद्धा आपले राहत नाहीत.

त्या सकाळी भिंगरी स्टुलावर बसली होती, एक मोजा घातलेला, एक हातात. लेक तिचे केस विंचरत होती. मिस्त्री दारात चपला काढत होते. पलंगाखाली काहीतरी फटकन वाजलं. हीटरची नळी सांध्यातून निसटली होती, आणि आतलं सगळं कढत पाणी एका झोतात बाहेर आलं, ते सरळ भिंगरीच्या पायांवर.

पोर अशी किंचाळली की ती किंकाळी मिस्त्रींच्या कानातून पुढे कधी गेली नाही. त्यांनी बटण बंद केलं, तिला उचललं, थंड पाण्याच्या नळाखाली धरलं. लेकीने भीतीने तिचा मोजा ओढला, आणि मोज्याबरोबर पायाची कातडी आली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की जीव धोक्यात नाही, पण डावा पाय गुडघ्यापर्यंत चांगलाच भाजलाय, डाग राहतील. लहान मूल भाजलं की कळवावं लागतं, तसं त्यांनी कळवलं, आणि दुपारी त्याच पाहणीवाल्या बाई आल्या. वॉर्डाबाहेरच्या बाकावर त्या लेकीच्या शेजारी बसल्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, हीटर खराब निघणं कुणाच्याही घरी होऊ शकतं, यात तुमचा काय दोष. नवीन होता ना? अनुभवी माणसाने बसवला होता ना? लेकीने मान हलवली. तेवढ्यावर ते मिटत होतं. बाई उठायच्या बेतात होत्या.

मिस्त्री भिंतीला टेकून उभे होते. सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता. हीटर खराब निघाला, हे शब्द त्यांच्या कानावर पडले आणि त्यांना ते सहन होईना. खोटं त्यांनी आयुष्यात कधी चालवून घेतलं नव्हतं, मग ते आपल्या सोयीचं का असेना. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लेक अशी खाली मान घालून बसलेली, जणू तिचंच चुकलं. त्यांचं काळीज तुटलं. तिची बाजू घ्यायची तर आत्ताच, असं त्यांना वाटलं.

“हीटर चांगला होता,” ते पुढे येऊन म्हणाले. “मी सेफ्टी व्हॉल्व्हला बूच मारलं. चूक माझी आहे, सगळी माझी. हिने मला सांगितलं होतं. कागद वाचून दाखवला, बूच काढा म्हणाली, भीती वाटते म्हणाली. हिचं बरोबर होतं. मी ऐकलं नाही.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. त्यांना वाटलं, आता हिच्यावरचं ओझं उतरलं.

बाई परत बाकावर बसल्या. त्यांनी मिस्त्रींकडे बघितलंच नाही. त्या लेकीकडे बघत होत्या, आणि त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, म्हणजे ते धोक्याचं आहे हे तुम्हाला माहीत होतं?

लेकीने बापाकडे पाहिलं. मग ती म्हणाली, “हो.”

“आणि तरी रोज हीटर लावत होतात? मुलगी शेजारी असताना?”

“बाबांनी बसवलं होतं,” लेक म्हणाली.

मिस्त्रींना तेव्हा कळलं. ते घाईघाईने काहीबाही बोलू लागले, की तसं नव्हे, तिने नीट सांगितलंच नव्हतं, मीच तिला दटावलं, तिला काय कळतंय त्यातलं. पण बोललेलं काही परत घशात घालता येत नाही, आणि बाई ऐकतही नव्हत्या. त्या वाईट नव्हत्या. जाताना त्यांचेही डोळे ओले होते. पण जे ऐकलं ते त्यांना सांगावंच लागणार होतं.

भिंगरी दवाखान्यातून सुटली ती जावयाच्या घरी गेली. कोर्टाने पुढे तेच कायम केलं. आईने रविवारी भेटायचं, तेही जावयाच्या घरी, गाडीत नाही.

निकाल लागल्यावर मिस्त्री पाने-पकडींची पिशवी घेऊन अंगणात आले. हीटर काढून टाकतो, नाहीतर नळी लावून नीट करतो, तू म्हणशील तसं, असं ते दाराबाहेरूनच म्हणाले. तू म्हणशील तसं, हे बोलायला त्यांना फार जड गेलं होतं. लेक दारात आली. ती रडलेली नव्हती, चिडलेलीही दिसत नव्हती. तिने बापाला नीट बघून घेतलं.

“लहानपणापासून वाट बघत होते, बाबा,” ती म्हणाली. “कधीतरी म्हणाल, हिचं बरोबर आहे. म्हणालात, तेही त्या बाईंसमोर.”

मिस्त्री पिशवी घेऊन उभे राहिले. तिला दुकानात कामावर जायचं होतं. तिने दाराला कुलूप लावलं, त्यांना वळसा घातला आणि गेली.