भिंतीच्या कडेने वायर

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ती दादाकडे मागच्या खोलीत राहायला आली आणि तिची नववीतली लेक दुसऱ्या शहरात बापाकडेच राहिली. फोनवर मायलेकींची गाडी ‘काय जेवलीस’च्या पुढे सरकत नसे. मग लेकीनेच तिला एक गेम शिकवला. दोघींनी आपापल्या घरी बसून एकाच बेटावर घर बांधायचं. सुरुवातीला आई भिंत घालताना दारच बुजवून टाकायची आणि हेडफोनमध्ये लेक खिदळत सुटायची. रविवारच्या त्या हसण्यावर तिचा आठवडा निघायचा.

हल्ली मात्र खेळ मध्येच अडकू लागला. कुंपण घालता घालता लेक पुतळ्यासारखी थिजायची, मग दिसेनाशी व्हायची. मागाहून मेसेज यायचा, ‘आई, तुझं वायफाय भंगार आहे.’

राउटर पुढच्या खोलीत होता, तिचा लॅपटॉप मागच्या; मधे स्वयंपाकघर आणि दोन जाड भिंती.

दादा म्हणाला, “खेळायला वायरच बरी. वायफाय कितीही भारी घेतलंस तरी भिंतीपुढे गचके खाणार.”

वहिनीने तोंड वाकडं केलं. “आत्ताच रंग दिलाय गं. आणि वायर सारखी पायात येणार.”

“भिंतीच्या कडेने नेते, वहिनी. तुम्हाला दिसणारसुद्धा नाही.”

पांढरी वायर आणून तिने ती स्वतःच ठोकली. फडताळामागून, ओट्याखालून, चौकटीला धरून. गुडघे सोलवटले, पण एक क्लिप वाकडी बसू दिली नाही.

रविवारी गेम लोण्यासारखा चालला. लेकीसाठी तिने समुद्राकडे खिडकी असलेली खोली बांधून ठेवली होती.

“छान आहे,” लेक म्हणाली. थोड्या वेळाने थिजली आणि गेली.

आईच्या पडद्यावर लाटा येतच होत्या. मेसेज आला, ‘तुझं नेट परत गेलं.’

दारात उभा असलेला दादा पुढे येऊन वाकला. “आपलं तर व्यवस्थित चाललंय.” मग दोघांनाही पडद्याच्या कोपऱ्यात लेकीचं नाव दिसलं. हिरवा ठिपका, दुसरा गेम, सोबत तीन मैत्रिणी.

“तिकडचंच काहीतरी असेल,” तिच्याकडे न बघता दादा म्हणाला आणि बाहेर गेला.

तिने लिहिलं, ‘माझ्याबरोबर कंटाळा येतो का गं?’ ते पुसलं. मग लिहिलं, ‘हो गं, आमचं वायफायच वाईट. काही इलाज नाही.’

उत्तर लगेच आलं. ‘मग राहू दे आता. सुट्टीत भेटू तेव्हा खेळू.’

सुट्टीत लेक बापाबरोबर फिरायला जाणार होती. ते तिनेच मागच्या आठवड्यात सांगितलं होतं, आता विसरली असावी. आईने ‘चालेल’ लिहिलं आणि त्या रिकाम्या खोलीकडे बघत बसून राहिली. रडूही येईना.

वहिनीने चहाला हाक मारली. कप पुढे करत म्हणाली, “एवढी मरमर केलीस. नीट चालला ना खेळ?”

“हो,” ती म्हणाली. “आज एकदाही अडकला नाही.”

दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्या गेल्या तिने मालकांना विचारलं, रविवारी कामावर आले तर चालेल का. ते म्हणाले, या की.